बैठकीत आहेत

नोकरी सोडली त्या दिवशी त्याने बूट काढायच्या आधीच घरात जाहीर केलं, "आजपासून मी स्वतंत्र डेव्हलपर." बायको फोनवर बोलत होती, तिने हातानेच थांब म्हणून सांगितलं. सोफ्यावर पसरलेल्या मेहुण्याने मात्र ते नीट ऐकलं. तो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकून म्हणाला, "या, स्वतंत्रराव!" झालं. त्या दिवसापासून नातेवाइकांत, इमारतीत, लिफ्टमध्ये तो स्वतंत्ररावच. खरं नाव काय ते विजेच्या बिलाला ठाऊक.

आधीच्या कंपनीत तो एका बटणावर काम करायचा. बटण आधीपासून होतं. ते हिरवं असावं की निळसर हिरवं, यावर त्याच्या विभागातल्या माणसांची उमेदीची वर्षं चालली होती. शेवटी बटण होतं तसंच ठेवायचं ठरलं आणि या निर्णयाबद्दल सगळ्यांना केक मिळाला. तो केक खाता खाताच त्याच्या मनाने घेतलं की आता पुरे.

घराची बाल्कनी काचा लावून बंद केली, ते त्याचं ऑफिस. तिथे वॉशिंग मशीन आधीपासून राहत होतं आणि त्याने आपला हक्क सोडला नाही. ते कपडे पिळायला लागलं की टेबल, मॉनिटर आणि स्वतंत्रराव तिघेही थरथरत.

"माझं सॉफ्टवेअर भूकंपातही चालेल," तो म्हणायचा.

"चालू दे," बायको म्हणायची, "आधी कपडे वाळत घाल."

काय बनवायचं हे काही ठरत नव्हतं. एका रविवारी सगळे जेवायला जमले होते. मेहुण्याला मीठ हवं होतं. मिठाची बाटली बहिणीच्या हाताशी होती, म्हणून त्याने तिला मेसेज केला. बहिणीने मीठ दिलं नाही, मेसेजवर अंगठा दिला. स्वतंत्ररावाने हे पाहिलं आणि घास हातातच राहिला.

"माणसं बोलत नाहीत," त्याने भर जेवणात भाषण सुरू केलं, "कारण माणसं बसत नाहीत. चालता चालता, जिन्यात, बाथरूममध्ये जे होतं ते बोलणं नव्हे, ती खाज आहे. बोलायचं तर माणसाने टेबलाशी बसावं, समोर मोठा पडदा असावा आणि दोन्ही हात किबोर्डवर असावेत."

"आणि मीठ कोणत्या हाताने द्यायचं?" मेहुण्याने विचारलं.

पण स्वतंत्रराव आता थांबणार नव्हता. त्याने समाजमाध्यम बनवायला घेतलं, फक्त डेस्कटॉपवर चालणारं. फोनवर कधीच नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. नाव ठेवलं 'बैठक'. वर-खाली कितीही सरकवत बसा, असला प्रकार तिथे नव्हता. दिवसभरात मंडळींनी लिहिलेलं वाचून झालं की तळाशी यायचं, 'आजचे संपले.' ही ओळ सासऱ्यांची.

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलेला. अजूनही सकाळचा पेपर ते लाल पेन हातात धरूनच वाचत. नात्यात चालू स्थितीतला डेस्कटॉप त्यांच्याकडेच होता, म्हणून चाचणीचा मान त्यांना मिळाला. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, इथे 'काहीतरी चुकलं' असं आलंय."

"हो बाबा, तो एरर मेसेज आहे."

"ते समजलं. पण काय चुकलं? कोणाचं चुकलं? वाचणाऱ्याने आता काय करायचं? इतकं मोघम वाक्य मी कुणाला छापू दिलं नसतं."

स्वतंत्ररावाने हात टेकले आणि सगळे मेसेज त्यांच्याकडे पाठवून दिले. ते परत आले तेव्हा त्यांचं रूप पालटलं होतं. पासवर्ड चुकला की यायचं, 'परवलीचा शब्द चुकला आहे. चूक आपली असण्याचा संभव अधिक. तरी पुन्हा प्रयत्न करावा.' इंटरनेट गेलं की, 'आपले म्हणणे अद्याप वाटेत आहे. धीर धरावा.' आणि काही न लिहिताच कुणी पाठवायचं बटण दाबलं तर, 'आपण काहीच लिहिलेले नाही. हेही चालते, परंतु ते इतरांना कळवण्याची आवश्यकता नाही.' स्वतंत्ररावाला हे फार जड वाटलं, पण सासऱ्यांना नाही कोण म्हणणार?

'बैठक' प्रसिद्ध झाली तेव्हा पहिला फोन मावशीचा आला. ती रडकुंडीला आली होती.

"अरे, तुझं ते उघडायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतोय, हा प्रकाशक अनोळखी आहे, धोका असू शकतो. अंगाखांद्यावर खेळवलंय रे मी तुला. काय करून बसलायस?"

"काही नाही मावशी. त्याला एक प्रमाणपत्र लागतं. ते घेतलं की तो ओळखतो."

"मग घे ना."

"त्याला पैसे भरावे लागतात."

"म्हणजे पैसे भरले की तू ओळखीचा?"

"हो."

"मग बरोबर आहे," मावशीचा आवाज एकदम शांत झाला. "सगळीकडे तसंच आहे. मला वाटलं काही वेगळं झालं."

नातेवाइकांपैकी बहुतेकांनी कौतुक केलं आणि तिथेच सोडून दिलं. कुणाचा डेस्कटॉप माळ्यावर होता, कुणाच्या मॉनिटरवर मांजर बसायची. "भाऊजी," मेहुणा म्हणाला, "डेस्कटॉप आता दोनच ठिकाणी सापडतो. ऑफिसात आणि तुमच्याकडे." तो थट्टेत बोलला. पण या साऱ्या प्रकरणात शहाणपणाचं असं तेवढंच एक वाक्य बोललं गेलं आणि नेमकं तेच कुणी मनावर घेतलं नाही.

सासरे आणि मावशी असे दोघेच 'बैठकी'त बसलेले असताना हळूहळू अनोळखी माणसं यायला लागली. मग झुंडीने यायला लागली. स्वतंत्रराव दिवसभर आलेखाकडे बघत बसे. तो आलेख मोठा गुणी होता. सकाळी चढायचा, जेवणाच्या वेळी खाली यायचा, पुन्हा चढायचा आणि संध्याकाळ झाली की सपाट. शनिवार-रविवारी तर चिटपाखरू नाही. स्वतंत्ररावाचा ऊर भरून आला. आपण माणसांना शिस्त लावली! तंत्रज्ञानाच्या एका मासिकाला त्याने मुलाखतही दिली. "आमचा सदस्य संध्याकाळी घरच्यांचा असतो," तो म्हणाला. "सुट्टीला तो आमच्याकडे फिरकतसुद्धा नाही. हेच आमचं यश." मुलाखतीतला त्याचा फोटो बाल्कनीतला होता. तो थोडा हलला होता, कारण मशीनमध्ये चादरी होत्या.

त्याच सुमारास बायको मात्र दमून घरी येऊ लागली होती. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत ती प्रशासन बघायची. तिथल्या मोठ्या साहेबांनी एकदा कुणाच्या तरी हातात फोन पाहिला आणि दाराशी खणांचं कपाटच बसवलं. आत येताना फोन खणात टाकायचा, जाताना घ्यायचा. साहेबांची समजूत अशी की आता कामाला जोर येईल.

"आणि आलाही जोर," ती जेवताना सांगत होती. "कुणालाही फोन लावा, उत्तर एकच, बैठकीत आहेत. हिशेबनीस बैठकीत, स्टोअरकीपर बैठकीत, खरेदीवाले बैठकीत. साहेब खूश आहेत. मीटिंगच्या खोलीसाठी नव्या खुर्च्या मागवल्यात त्यांनी. आणि खोली बघावी तर रिकामी."

"मग बैठका होतात कुठे?" स्वतंत्ररावाने निरागसपणे विचारलं आणि सूपासारखी पातळ झालेली आमटी ओरपली.

"तेच कळत नाही ना."

कळलं ते अचानक. ती काही विचारायला स्टोअरकीपरच्या टेबलाशी गेली. त्याने घाईघाईने टाक्यांच्या साठ्याचा तक्ता पुढे आणला, पण घाईत भलतीच खिडकी वर आली. तिच्यात लिहिलं होतं, 'आपले म्हणणे अद्याप वाटेत आहे. धीर धरावा.' ती वाचतच राहिली. जगात 'अद्याप' लिहिणारा आणि वर धीर धरायला सांगणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता आणि त्याने तिला लहानपणी शुद्धलेखनापायी रडवलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बैठक," स्टोअरकीपर म्हणाला आणि जीभ चावली.

घरी आल्यावर ती पर्स न ठेवताच बाल्कनीत गेली. "तुझा आलेख सकाळी कधी चढतो?"

त्याने सांगितलं.

"आमचं ऑफिस तेव्हाच उघडतं. उतरतो कधी? आमचं सुटतं तेव्हा. तुझे सदस्य संध्याकाळी घरच्यांचे असतात ना? असतात, कारण संध्याकाळी त्यांचे फोन त्यांना परत मिळतात!"

स्वतंत्रराव पडद्याकडे बघत राहिला. तोच आलेख होता, तेच चढउतार, पण आता त्यात टाक्यांची कंपनी दिसत होती, विमा कार्यालयं दिसत होती आणि फोन काढून घेतलेल्या माणसांच्या रांगाच्या रांगा दिसत होत्या. त्याचा चेहरा इतका पडला की तिला कीव आली. तिने पर्स खाली ठेवली आणि मशीनमधले कपडे स्वतःच बाहेर काढले.

इकडे साहेबांच्याही कानावर गेलंच. बंदीचा हुकूम तयार करा, असं त्यांनी तिलाच सांगितलं. तिने तो तयार केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "साहेब, एक सांगायचंय. हे माझ्या नवऱ्याने बनवलंय."

नोकरी गेली, असं तिने मनाशी धरून टाकलं.

"माझी माणसं," ते सावकाश म्हणाले, "माझ्या भाषणाला झोपतात. आणि यावर दिवसभर जागी असतात?"

"हो साहेब."

"मग बंद कशाला करायचं? मलाही घ्या त्यात."

साहेब 'बैठकी'त आले. रोज सकाळी ते एक विचार लिहीत. 'टाकी आतून स्वच्छ हवी, माणूसही.' अर्ध्या तासात सगळ्यांच्या टाळ्या पडत. कुणाची पडली नाही ते साहेब बघत. मग विभागप्रमुख आले, त्यांनी साहेबांच्या विचारावर विचार लिहिले. साहेबांनी ही युक्ती क्लबातल्या इतर मालकांना सांगितली आणि बघता बघता गावातल्या कंपन्यांनी 'बैठक' रीतसर घेतली. सदस्य इतके कधीच नव्हते. प्रमाणपत्र आलं, धोक्याची सूचना गेली, मावशीने पेढ्यांऐवजी स्वतःला नवा चष्मा घेतला. आणि आलेख दिवसभर सपाट. सकाळी एक उंच सुळका, टाळ्यांचा, बाकी सगळं आडवं. सासरे एकटे साहेबांच्या विचारांतल्या चुका काढत. साहेब त्यांना फार मोठे तत्त्वज्ञ समजत.

'बैठक' सांभाळायला माणूस लागेल, म्हणून साहेबांनी स्वतंत्ररावालाच महिन्याच्या पगारावर बोलावलं. त्याने मान खाली घालून होकार दिला. आता रोज सकाळी तोही दाराशी खणात फोन टाकतो आणि हिशेबनिसाच्या शेजारी बसतो. रजा हवी असेल तर बायकोकडे अर्ज करावा लागतो. ऑफिसात ती त्याला "अहो" म्हणते, त्यामुळे तिच्याशी कसं वागावं हे त्याला कळत नाही.

तिथे रुळल्यावर एकदा हिशेबनीस त्याच्याकडे झुकला. हाच तो 'बैठक'वाला, हे त्याला माहीत नव्हतं. "नवीन आहात," तो कुजबुजला. "कंटाळा येत असेल. कोपऱ्यातल्या प्रिंटरची रांग उघडा."

कोपऱ्यातला प्रिंटर कधीचाच बिघडलेला होता. पण तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि त्याच्याकडे पाठवलेल्या प्रत्येक कागदाचं नाव रांगेत सगळ्यांना दिसायचं. छपाई होतच नसल्याने रांग हलत नसे. लोक कोरे कागद पाठवत आणि कागदाच्या नावाच्या जागी मनातलं लिहीत. स्वतंत्रराव वाचत गेला.

'आजचा विचार वाचला का?'

'टाळी दिली. वाचायचं असतं हे माहीत नव्हतं.'

'प्रशासनबाईंनी केस कापलेत. कुणीतरी चांगले दिसतात म्हणा.'

'मी म्हणतो, मला रजा हवीय.'

'साहेब जिन्यात!'

त्याला हसू आलं. इथे पासवर्ड नव्हता, नियम नव्हते, आलेख नव्हता. ज्यासाठी त्याने 'बैठक' उभी केली, ते एक मोडका प्रिंटर फुकट करत होता. मग त्याने एक कोरा कागद पाठवला. नाव दिलं, 'नवीन आहे. चालेल का?'

'चालेल,' असे लागोपाठ बरेच कागद आले.

तेवढ्यात त्याची बायको भंगारवाल्याला घेऊन आत आली. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरमधले. हा प्रिंटर जरा बघता? दुरुस्त होणार नसेल तर आत्ताच काढून टाकते."

सगळ्या विभागाची बोटं जागच्या जागी थांबली. स्टोअरकीपरने डोळे मिटून घेतले. स्वतंत्रराव उठला, प्रिंटरचं झाकण उघडलं आणि आत बराच वेळ डोकावून पाहिलं. आत धूळ होती आणि एक पेन्सिल.

"याला हात लावू नका," तो गंभीरपणे म्हणाला. "ऑफिसची सगळी जोडणी यातून गेलीय. हा काढला तर काय काय बंद पडेल, सांगता यायचं नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थापा मारताना कान लाल होतात, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. मग तिने टेबलांवरून नजर फिरवली. सगळे भलतेच कामात होते.

"बरं," ती म्हणाली. "असू दे मग." भंगारवाल्याला घेऊन ती दाराकडे वळली, आणि तिची पाठ फिरते न फिरते तोच किबोर्ड वाजायला लागले.