गुलाबावरचा आळ

आमचं शेत पातूरजवळ आहे. त्यातल्या एका तुकड्यात गुलाब, बाकीच्यात शेवंती, झेंडू आणि घरापुरती भाजी. कॉलेज संपवून मी घरी आले तेव्हा बाबांनी माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाले, "बी.एस्सी. झाली न तू? मंग आता गुलाबाचं तूच पाह्य." मला ते काम मनापासून आवडलं. ऊन चढायच्या आत फुलं तोडायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि अकोल्याच्या फूलबाजारात पोचवायची. काटे लागायचे, पण शेतावरच्या घरात ओरखड्याचं कौतुक कोण करतं?

एका हिवाळ्यात मात्र हे ओरखडे वेगळंच वागायला लागले. ओरखडा सुकायचा, काही दिवस सगळं ठीक दिसायचं आणि मग नेमक्या त्याच रेघेवर लाल, जाडसर वळ उठायचा. त्यावर पांढरे, चकचकीत पापुद्रे. काटा जिथून जिथपर्यंत गेला तिथून तिथपर्यंत, जणू कोणी पट्टी ठेवून आखलंय. कोपरावर एक चट्टा त्याआधीपासून होता, पण कोपर स्वतःला दिसतं कुठे! काळा कुर्ता घातला की दिवसभर बाह्या झटकत बसायचं, एवढाच काय तो त्रास.

घरात उपाय सुरू झाले. आईने कडुलिंबाचा पाला उकळला. शेजारच्या काकू लांबूनच बघून म्हणाल्या, "गजकरण हाय वं हे, टॉवेल वेगळा ठेव आपला." मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. ती लावल्याबरोबर चट्टे असे गेले की मी त्याला दुवा दिला, आणि ट्यूब बंद केल्याबरोबर असे परतले की तो दुवा परत घेतला. बाबांनी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून च्यवनप्राशचा मोठा डबा आणला. तो मला आवडायचा, त्यामुळे त्या उपायाबद्दल माझी तक्रार नव्हती.

मग एक दिवस बाजारात हार करणाऱ्या बाईंनी माझा हात पाहिला. आमची फुलं त्या कितीतरी वर्षं घेत होत्या. त्यांनी हातातली जुडी हळूच खाली ठेवली. "पोरी, राग नको मानू. देवाले जातेत हे फुलं. तू नको तोडत जाऊ." त्या भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. पण त्या फार हळू बोलल्या. गाडीत बसल्यावर मी बाह्या खाली ओढल्या.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी टिकाव काढला.

"उपटून टाकतो सारं. या गुलाबानंच वाट लावली पोट्टीची."

"अवो, बहरात आलेलं झाड उपटून राहिले तुमी?" आई मधे आली.

"मंग काय करू? तिच्या हातापेक्षा गुलाब मोठा हाय काय?"

आईने युक्ती केली. ती म्हणाली, आधी डॉक्टरला विचारा, मग खुशाल उपटा. माझी मावशी अमरावतीत राहते. तिथल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव ती कधीची घेत होती. टिकाव दाराशी उभा ठेवून बाबा माझ्याबरोबर निघाले. पिशवीत त्यांनी गुलाबाची एक काटेरी फांदी घेतली होती. पुरावा म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझे हात पाहिले, मग कोपरं, गुडघे, आणि शेवटी ती फांदी. "हिला का आणलंत?"

"हेच तं मूळ हाय, मॅडम. याचा काटा लागला की हे उठते."

"बरोबर पाहिलंत काका, पण गुलाब निर्दोष आहे. बोरीचा काटा लागला असता, कुंपणाची तार लागली असती, तरी हेच झालं असतं. हा सोरायसिस आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कातडीला जखम झाली की शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. जंतू असले तर मारायचे, काम झालं की शांत व्हायचं, हा त्यांचा धर्म. सोरायसिसमध्ये त्या शांत होत नाहीत. समोर शत्रू नसला तरी एकमेकींना निरोप धाडत राहतात. हे निरोप म्हणजे रसायनं. त्यांनी रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून लाली. आणि कातडीच्या पेशी घाईघाईने वाढायला लागतात. एरवी खालच्या पेशीला वर येऊन झडायला महिनाभर तरी लागतो. इथे ते सगळं आठवड्याच्या आत उरकतं. जुनी कातडी झडायच्या आत नवी येऊन धडकते, आणि थर साचत जातात. तेच ते पापुद्रे.

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे कुत्रं घरच्याच माणसावर भुंकून राह्यलं."

"हो, आणि त्याचं ऐकून गल्लीतली सगळी कुत्री."

"म्हणजे हिची प्रतिकारशक्ती कमी झाली?"

"उलट. कमी नाही, भलतीकडेच वळली आहे. ती वाढवून काय करता?"

मी च्यवनप्राशच्या डब्याला मनातल्या मनात निरोप दिला. "मॅडम, हे दुसऱ्याला लागतं का?" मी विचारलं. खरं तर तेवढंच विचारायला मी आले होते.

"अजिबात नाही. हातात हात घे, एका ताटात जेव. जंतूच नाहीत, तर लागणार काय?"

माझे डोळे भरून आले. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम कागदाकडे वळल्या. "घरात आणखी कुणाला असं आहे?"

"नाई, कोणालेच नाई," बाबा म्हणाले, आणि टोपीखाली बोट घालून डोकं खाजवलं.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "काका, टोपी काढता?"

"हा कोंडा हाय, मॅडम. जवानीपासून हाय."

त्यांनी बाबांच्या कानामागे पाहिलं, केसांच्या कडेला पाहिलं, मग त्यांची नखं हातात घेतली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मी रोज बघत होते ते, पण शेतात राबणाऱ्याची नखं अशीच असणार असं समजून. "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?"

"आखडतेत. तास-तासभर मूठ वळत नाई. कामानं होते ते."

"कामाने झालं असतं तर संध्याकाळी जास्त दुखलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्याच पांढऱ्या पेशी कधीकधी सांध्यांवरही चालून जातात. तुमची तपासणी करू. बरं झालं तुम्ही मुलीबरोबर आलात."

परतीच्या बसने मूर्तिजापूर गाठलं. बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "म्हणजे माह्याकडूनच आलं तुह्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वारशाने फक्त कल येतो. आजार उठतोच असं नाही. पण तो खुलासा त्या क्षणी कामाचा नव्हता. मी म्हटलं, "नाकबी तुमचंच आलं मले. त्याचं काही वाईट वाटते काय तुमाले?"

त्यांनी माझ्या नाकाकडे नीट पाहिलं. "नाकाचं वाटते थोडं," ते म्हणाले, आणि आम्ही इतके हसलो की कंडक्टरने मागे वळून बघितलं.

त्यानंतर आमच्या अमरावतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला मलम आणि कपाटासारख्या यंत्रात उभं राहून घ्यायचे प्रकाशकिरण. बाबांना सांध्यांसाठी गोळ्या आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. मावशीकडे मुक्काम वाढले. गुलाब तोडताना मी जाड कापडाच्या लांब बाह्या आणि हातमोजे घालायला लागले. हळूहळू रेघा फिकट झाल्या. हा आजार मुळापासून जात नाही, दबून राहतो, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे गेल्या थंडीत घसा धरला आणि त्या निमित्ताने गुडघ्यावर पुन्हा एक चट्टा उठला तेव्हा मी घाबरले नाही. फोन केला आणि मलम काढलं.

बाबांची मूठ सकाळी वळायला लागली आणि ते सोरायसिसचे फिरते प्रचारक झाले. पातूरच्या बसस्टँडवर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत ते टोपी काढून लोकांना डोकं दाखवतात. बाजारात तर त्यांनी स्वतः जाऊन हारवाल्या बाईंना सगळं समजावलं. "दुसऱ्याले लागत नाई हे. आंगातले शिपाई जरा जास्त इमानदार हायेत, बस."

बाईंना किती पटलं कोण जाणे, पण त्यांनी माझ्या हातून जुडी घेतली.

परवाच्या तपासणीत डॉक्टरीणबाई आम्हा दोघांवरही खूश होत्या. बाहेर पडल्याबरोबर बाबांनी गिला वड्याच्या गाडीकडे मोर्चा वळवला. दह्याने माखलेली प्लेट त्यांनी एका हातात धरली, चमचा दुसऱ्या हातात, आणि आपली संपल्यावर माझ्या प्लेटकडे बघत म्हणाले, "तुले नसन होत तं दे इकडे."

मी दिली नाही.