खिळा जिव्हाळीला लागला तेव्हा

लग्न होऊन मी खर्डीजवळच्या या घरात आले, तेव्हा अंगणात पांढरी घोडी बांधलेली होती. वरातींसाठी ती शहापूर-मुरबाडपर्यंत जायची. तिला नाल सासरेच ठोकायचे. मला शहापुरात औषधांच्या दुकानात काम मिळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "लग्नसराई सरू दे गो, मग जा."

त्याच सराईत सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. नाल ठोकणं नवऱ्याकडे गेलं आणि खिळे माझ्याकडे. सासरे खाटेवरून सांगायचे, मी निवडायचे. बारीक खिळा नालात हलतो, जाड खूर चिरतो. टोकाची उतरती बाजू आतल्या अंगाला ठेवायची, म्हणजे खिळा बाहेर वळतो. पावसाळ्यात इथे भिंतीही पाझरतात, म्हणून खिळ्यांचा डबा चुलीवरच्या फळीवर आणि आत तेलाचं फडकं. गंज पुसत बसले की दारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा दिसायच्या.

मुरबाडच्या एका वरातीला निघायच्या सकाळी घोडीचा नाल सैल निघाला. बारीक खिळे संपले होते. नवऱ्याने जाड उचलला.

"हा नको. तिचा खूर पातळ आहे," मी म्हणाले.

"टाइम नाय. तू पाय धर."

मी धरला. खिळा कडक खुरातून जातो तेव्हा घाव खणखणतो. आज आवाज बद्दच राहिला. घोडीचं अंग शहारलं, तिने पाय हिसडला आणि मी तिच्या नि भिंतीच्या मध्ये चेपले गेले. ओरडायला श्वासच नव्हता.

आतून सासरे ओरडले, "जिव्हाळीला लागला! उपट रे, उपट!"

नवऱ्याने खांदा लावून घोडीला सरकवलं आणि तिचं तोंड धरून ठेवलं. मीच खाली बसले, तिचा पाय पुन्हा उचलला आणि पकडीने खिळा सरळ ओढला. टोक लाल होतं, खुराच्या आतल्या जिवंत मांसात गेलेलं. भोक धुऊन औषध भरलं. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन तिला इंजेक्शन दिलं. वरातीला दुसऱ्याची घोडी गेली.

आमची घोडी लंगडत लंगडत बरी झाली. तेव्हा सासरे नवऱ्याला म्हणाले, "आता हातोडी हिच्याकडंच दे."

सगळे खूश झाले. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा केला. तो पिताना मला रडू आलं. त्यांना वाटलं, बरगडी दुखतेय. शहापूरच्या दुकानात तोवर दुसरी मुलगी लागली होती.

आता मुरबाडकडचे घोडेवालेही मला बोलावतात. नवरा मोटरसायकलवर नेतो, काम होईपर्यंत थांबतो, परत आणतो. एरवी मी उंबरा ओलांडत नाही. परवा एकाने कौतुकाने विचारलं, "ताई, आवडीनं शिकलात का हे?"

माझ्या ओठांत खिळे धरलेले होते. नवरा म्हणाला, "तर! तिला आवडच आहे."

मी घोड्याचा पाय गुडघ्यांत धरला आणि पहिला खिळा लावला.