ओला तेरा

माणसाकडे बघण्याआधी रंगारी त्याच्या दाराच्या चौकटीकडे बघायचा. खिशात खडू, कानामागे बारीक ब्रश. मान वळवताना ब्रश चष्म्याच्या काडीला अडकायचा, चष्मा खाली पडायचा, आणि ब्रश पुन्हा तिथेच जायचा. चहाला हात लावण्याआधी तो टर्पेंटाइनने हात पुसायचा. त्यामुळे घरातल्या सगळ्या कपांना टर्पेंटाइनचा वास होता. शेजाऱ्यांना तो आकड्यांनी ओळखायचा. ‘सातच्या वहिनी’, ‘दहाचे आजोबा’. ओल्या रंगाला बोट लावणाऱ्याशी आठवडाभर बोलत नसे. आणि एकाच वेळी दोन घरांवर एकच नंबर, हे त्याच्या हातून कधी म्हणजे कधी घडलं नव्हतं.

जुन्या शहरात त्याचं बिऱ्हाड छापखान्याच्या वर, एका खोलीत होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर पातेली चालायला लागायची. मग या नव्या शहराची जाहिरात आली. झाडं, बागा, शाळा, आणि हसणारं एक कुटुंब. बायको म्हणाली, “बघा, यांची पातेली जागच्या जागी असतील.” दोन वर्षांपूर्वी ते इथे राहायला आले. नवरा, बायको आणि मुलगी. मुलीला सगळे चिमणी म्हणत.

रस्ता छोटा. एका टोकाला तळं, दुसरं टोक मोठ्या रस्त्याकडे. त्यांचं घर तळ्याकडचं, शेवटचं. ते आले तेव्हा नंबर पाच होता. नंबर काढायचं काम पालिकेने त्यालाच दिलं. त्याला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे.

पण शहर वाढत होतं. नवी घरं मोठ्या रस्त्याच्या बाजूने व्हायची, आणि पालिकेचा नियम असा की मोजणी तिकडूनच सुरू करायची. नवं घर झालं की ते एक नंबर. आधीचं एक, दोन. दोनचं तीन. असं करत अख्खा रस्ता एका आकड्याने पुढे सरकायचा, आणि रंगारी डबा घेऊन निघायचा.

त्याने एकदा साहेबांना सुचवूनही पाहिलं. “साहेब, तळ्याकडून मोजलं तर? तिकडे नवं घर व्हायचंच नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, पाहुणे काय तळ्यातून येणार आहेत?”

रंगारी डबा उचलून परत निघाला.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. सुरुवात शेवटच्या घरापासून, म्हणजे स्वतःच्या. आधी आपला आकडा पुढे सरकवायचा, मग मोकळा झालेला आकडा शेजाऱ्याला द्यायचा. उलटं केलं तर मधल्या वेळात दोन घरांवर एकच नंबर दिसणार. ते त्याला बघवलं नसतं.

याच रीतीपायी मागच्या वर्षी चिमणीचा शाळाप्रवेश हुकला. शाळेचा नियम होता की फॉर्मवरचा नंबर आणि दारावरचा नंबर एकच हवा, आणि बाई तो स्वतः येऊन बघणार. फॉर्मवर नऊ होते. बाई आल्या त्याच सकाळी रंगाऱ्याने स्वतःच्या हाताने दहा काढले होते. यंदा चिमणीला सातवं लागणार होतं. त्यानंतर पहिलीत घेत नाहीत. फॉर्मवर तेरा लिहिले होते, आणि बाई मंगळवारी येणार होत्या.

सोमवारी संध्याकाळी पालिकेचा कागद आला. मोठ्या रस्त्याजवळ नवं घर पूर्ण झालं होतं. उद्या सकाळपासून नवे नंबर काढावेत.

“आपलं दार उद्यापुरतं सोडा,” बायको म्हणाली.

“मग बाराचे तेरा कसे करू? दोन तेरा होतील.”

“होऊ देत. जुळी झाली म्हणायचं.”

“चेष्टा नको.”

“अहो, चेष्टा तुमची चाललीय. पोरीचा बाप आहात की पालिकेची पाटी?”

तेवढ्यात बाराच्या काकू आल्या, मागून दहाचे आजोबा, मग सातच्या वहिनी. प्रत्येक घरात एक मूल आणि एक फॉर्म. सगळ्यांचं म्हणणं एकच, उद्या आजारी पडा. रंगारी म्हणाला, “मला काही झालेलं नाही.” वहिनी म्हणाल्या, “ते आम्ही बघतो.”

मंगळवारी सकाळी तो स्वतःच्या दारापाशी उभा राहिला. रीत ती रीत. पॉलिश पेपरने तेरातला तीन घासून काढला. उरला एक. पायरीवर चिमणी केस विंचरून बसली होती आणि “मी तेरा नंबरमध्ये राहते” हे घोकत होती. तिने वर पाहिलं.

“बाबा, आपण आता एकमध्ये राहतो?”

रंगाऱ्याने खडूने बाजूला चार आखला. ब्रश डब्यात बुडवला. तेवढ्यात वळणावर बाईंची सायकल दिसली. त्याने काढायला घेतला चार. हाताने काढला तीन.

बाई उतरल्या. फॉर्म पाहिला, दार पाहिलं आणि आकड्याला बोट लावलं. रंगारी कळवळला.

“हा ओला आहे,” बाई म्हणाल्या. “ओला आकडा मी धरत नाही. कधी वाळेल?”

रंगाच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता. “पाच तास.”

“तोवर बाकीची घरं बघून घ्या की,” बायको म्हणाली.

“छे. मी शेवटच्या घरापासून सुरू करते. म्हणजे कुणी सुटत नाही.”

रंगाऱ्याने बाईंकडे प्रथमच माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

बाई खुर्चीवर बसल्या. त्या पुढे जाईनात, रंगारीही पुढे जाईना. बाराच्या काकूंनी चहा आणला. मागच्या वर्षी रंगाऱ्याकडचा चहा प्यालेल्या बाईंनी कपाचा वास घेतला आणि म्हणाल्या, “चला, या घरचा नाही.” पोरं रांगेत बसून रंग वाळताना बघत राहिली. दहाचे आजोबा पुठ्ठ्याने आकड्याला वारा घालत होते.

दुपारी बाईंनी पुन्हा बोट लावलं. कोरडं. त्यांनी फॉर्मवर खूण केली. बायकोने पदराने डोळे टिपले आणि चिमणीला विचारलं, “कुठे राहतेस?” चिमणी एवढ्या जोरात ओरडली की तळ्यातले बगळे उडाले.

मग बारा, अकरा, दहा. अख्खा रस्ता बाईंच्या मागे. सगळे नंबर जुने, सगळे बरोबर. एक नंबरवरही खूण झाली. बाई सायकलकडे वळल्या.

“बाई, मी राहिले,” नव्या घरासमोरून आवाज आला. दातांची डॉक्टरीण. सामान अजून खोक्यांत, कडेवर मुलगी, हातात फॉर्म. फॉर्मवर एक. दारावर काहीच नाही.

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. तो शेजारच्या दारावरच्या एककडे बघत होता. तो स्वतःच काढलेला. मग त्याने त्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. आधी तिच्याकडे, मग चौकटीकडे. ब्रश कानामागून काढला आणि नव्या दारावर एक काढला. खडूने आखायचं राहिलं, म्हणून एक जरा वाकडा आला.

बाई पुढे झाल्या. आकड्यासमोर थांबल्या. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“मी बोट लावत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही मला काही सांगू नका.” मग एक हात सोडवून खूण केली.

तेव्हापासून रस्त्यावर दोन एक आहेत. सरळ एक आणि वाकडा एक, असं पोस्टमन म्हणतो. साहेबांचे तीन कागद येऊन गेले. रंगारी रोज सकाळी डबा घेऊन स्वतःच्या दारापाशी उभा राहतो, रीतीप्रमाणे शेवटच्या घरापासून सुरू करायला. चिमणी दप्तर घेऊन बाहेर पडते, तेरावर बोट ठेवते आणि निघते. रंग वाळलेला, तेव्हा तिच्याशी अबोला धरता येत नाही. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ब्रशवरचा रंग घट्ट होतो. तीनच्या बाजूला खडूचा चार आहे. पुसट झाला की तो पुन्हा आखतो.