मऊ खिचडी

अमरावतीच्या आमच्या कचेरीतले एक कारकून माझ्या डब्यातली भाकरी कधीच घेत नसत. "जबडा दुखते मॅडम, चावल्या जात नाई," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवायचे. मी बौद्ध, मला ते कारण कधी पटलं नाही.

एकदा जांभई देताना त्यांचा जबडा उघडाच अडकला. मीच त्यांना ऑटोनं दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांधा बसवला आणि बजावलं, "काही दिवस मऊच खा."

म्हणजे दुखणं खरं होतं. मला माझ्या संशयाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी मुगाची खिचडी नेली.

"घ्या ना भाऊ, चावाचं कामच नाई."

ते डब्याकडे पाहत राहिले. "आज उपास हाय मॅडम."

दुपारी चारला त्यांनी माझ्यासमोरच चहात बिस्किट बुडवून खाल्लं.