पत्र्याखालचा हात

आज गल्लीत गटाराकडेला जंतुनाशक पावडर टाकली आणि त्या उग्र वासानं मी थेट टाळेबंदीतल्या एका दुपारी जाऊन उभी राहिले. तेव्हा आमची कसबा पेठेतली गल्ली दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून बंद केली होती. भर दुपारीही इतकं सामसूम, की आपल्याच चपलांचा आवाज ऐकून वाटे, मागून कुणी येतंय.

भाजीवाली शांताबाई पलीकडून पत्र्यावर तीनदा टकटक करायची आणि खालच्या फटीतून पिशवी सरकवायची. तोंड दिसत नसे, दिसे तो फक्त हिरव्या प्लास्टिकच्या बांगड्यांचा हात. "काकू, जिवंत आहात ना?" ती रोज विचारायची. "तुझी भाजी खाऊनसुद्धा आहे हो!" मी म्हणायची, की पलीकडे हसू.

त्या दुपारी टकटक तशीच झाली. पिशवीत वर नेहमीसारखा कढीपत्ताही होता. बांगड्या त्याच, पण हात बारीक. बांगड्या पार तळव्यावर घसरलेल्या.

"शांताबाई?"

 पलीकडून एक कोवळा, अनोळखी आवाज म्हणाला, "काकू, जिवंत आहात ना?"

"आहे गं," म्हटलं. "आणि ती?" एवढं मात्र तोंडातून फुटलं नाही.

शांताबाई त्याच्या आदल्या रात्रीच दवाखान्यात गेली होती, हे पत्रे निघाल्यावर कळलं. आजाराचं कळून गिऱ्हाईक तुटू नये, म्हणून लेक आई होऊन येत होती.

आता आईच्या जागी ती लेकच कोपऱ्यावर उघड्यावर बसते. मी मात्र अजून हाताकडे बघूनच भाजी घेते.