मेंबरांची ओवाळणी

नगरपालिकेत कारकून म्हणून मी बिनकामाची कामं पुष्कळ केली, पण मेंबरांच्या वर्तणुकीची चौकशी हे त्यातलं सर्वांत थोर. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या पेठेच्या मेंबरांविरुद्ध तक्रार आली आणि तिघांची समिती नेमली गेली. तिघंही मेंबरच. एक त्यांचे व्याही, दुसरा तालमीतला जोडीदार आणि तिसरा विरोधी पक्षाचा, म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्याच पैशानं चहा पिणारा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आणि जबाब लिहायला मी.

तक्रार शाळेतल्या बाईंची होती. चौथीचा वर्ग भरलेला असताना मेंबर आत शिरले आणि तालमीच्या मांडवाचं सामान ठेवायचंय, वर्ग रिकामा करा, म्हणाले. शाळा सुटल्यावर या, असं बाईंनी सांगितलं. त्यावर मेंबरांनी सगळ्या पोरांसमोर जी शिवी दिली ती मी जबाबात ‘असभ्य शब्द’ अशी लिहिली आणि कागदाची अब्रू राखली. बाईंची अब्रू समितीच्या कक्षेत येत नव्हती.

तक्रार केल्याबरोबर बाईंची कसबा बावड्याला बदली निघाली, ‘प्रशासकीय सोयीसाठी’. बाईंचं घर शाळेमागच्या बोळात. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात तिसरं माणूस नाही. मधल्या सुट्टीत बाई धावत जाऊन तिला भरवून यायच्या. बावड्याहून ते जमणार नव्हतं. तक्रार खरी ठरली किंवा मेंबरांनी स्वतः मनात आणलं, तरच बदली टळणार होती.

साक्षी सुरू झाल्या. शाळेसमोरचा पानवाला म्हणाला, “म्या तवा चुना कालवत हुतो सायब. नजर काढून चालत न्हाय.” हेडमास्तर त्या वेळी पत्रव्यवहारात मग्न होते. शिपायाला शिवी ऐकू आली होती, पण कुणी दिली ते कळलं नव्हतं. वर्गातल्या मुलांना विचारू या का, असं मी सुचवलं, तर व्याही कळवळून म्हणाले, “ल्हान पोरांस्नी असलं काय इचारायचं? वळन बिगडतंय त्यांचं.” मग समिती मेंबरांच्याच घरी तांबडा-पांढरा ओरपायला गेली. मीही गेलो. रस्सा फार चांगला होता.

आमच्याकडे बाईमाणसाला दुखावलं तर माफी मागत नाहीत, तिला बहीण करतात. चारचौघांत साडीचोळी द्यायची, तिनं ओवाळायचं, की प्रकरण मिटलं. भावावर कोण तक्रार करतं? समितीनं तेच ठरवलं. तालमीत सतरंज्या अंथरल्या, अख्खी पेठ लोटली. बाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या. जिन्यात मी त्यांना गाठून म्हटलं, “बाई, ओवाळणीत बदली रद्द करून मागा. पुन्हा संधी यायची नाही.” त्यांनी मान हलवली.

बाईंनी साडी घेतली, ओवाळलं. मेंबरांना हुरूप आला. ते गर्दीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, “ताई, आज काय पायजे त्ये माग. भाऊ न्हाय म्हननार न्हाय.”

बाई म्हणाल्या, “दादा, शिवी वर्गात दिलीत. माफीही वर्गात येऊन मागा.”

मेंबरांनी आवाज खाली आणला. “ताई, बदली आत्ता रद्द करतो की. वर्गाचं ऱ्हाऊ दे.”

“ओवाळणी मागून झाली,” बाई म्हणाल्या.

शिवी दिल्यानं मेंबरांची पत गेली नव्हती. पण बहिणीची ओवाळणी नाकारली असती, तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. व्याही आणि जोडीदार दाराशी थांबले, मी त्यांच्या मागे. मेंबर फळ्यापुढे उभे राहून पुटपुटले, “बाई, माझं चुकलं.” मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, “ऐकू आलं न्हाय, सायब.” मेंबरांना पुन्हा म्हणावं लागलं. तो आवाज मात्र निवडणुकीच्या सभेतला होता.

त्याच आठवड्यात समितीचा अहवाल आला: ‘सदर प्रकार घडल्याचे दिसून येत नाही.’ दाराशी उभं राहून माफी ऐकणाऱ्या दोघांच्याही सह्या होत्या. बदली कायम राहिली.

बाई मला बावड्याच्या बसथांब्यावर भेटल्या. मला त्यांचा रागच आला होता, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, “तुमचा मान राहिला बाई, पण त्या म्हातारीनं दिवसभर काय करायचं? तिचा विचार करायचा होता.”

“त्यांना विचारूनच तालमीत गेले होते,” बाई म्हणाल्या. “मी बदलीचंच मागणार होते. त्या म्हणाल्या, ‘माझं पानी मी घेतो कसंबी. तू त्येला माफी मागाय लाव.’”