नातीच्या पेशी अन् माझे गुडघे

मंडळी, मी बोलतेय, सूनबाई टाइप करतेय.

आज रविवार. विद्यापीठात संशोधन करणारी माझी नात रेवा जेवता जेवता उठली. म्हणाली, "आजी, पेशींकडं जायचंय."

मला वाटलं, कोर्टाची पेशी. "सुट्टीच्या दिवशी कसली गं पेशी?"

"जिवंत पेशी गं. झिजलेल्या गुडघ्यात भरायला वाढवतोय. वेळेवर भरवलं नाय तर मरतात."

काय भरवते, तर म्हणे पेशींचं पोषक पाणी, दिसायला गुलाबी सरबत. इथं आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढतोय. माझे गुडघे तिच्या हातच्या तेलाची वाट बघून थकले. डोळ्यांना न दिसणाऱ्या या सवतींवर मी लई जळले.

"अन् माझ्यासाठी येळ कधी?"

"आजी, तुझ्यासारख्या गुडघ्यांसाठीच चाललंय हे."

म्हणजे सवती उद्या माझ्याच गुडघ्यात नांदायला येणार. मंडळी, तुम्ही दिली असती का जागा?